काम संपल्याचा भोंगा

रविवार कुणी शोधून काढला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? रविवार हा वार नव्हे हं, रविवारची सुट्टी! उशिरापर्यंत लोळायचं, आंघोळीला टाळाटाळ करायची, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायची. आपल्याला वाटतं, सूर्य-चंद्र आहेत तेव्हापासून रविवारी सुट्टीच असणार. पण तसं काही नाही. इंग्रजांच्या काळात सरकारी कचेऱ्यांना रविवारी सुट्टी असे, साहेब लोक चर्चमध्ये जात. गिरणीत राबणाऱ्या माणसाला मात्र ही सुट्टी कुणी आपण होऊन दिली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली १० जून १८९० रोजी. त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं.

ही सुट्टी मिळवणाऱ्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यात जन्म. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक विचारांचे. काही काळ ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल होते. मालाचा हिशेब ठेवता ठेवता त्यांनी माणसांचे हालही जवळून पाहिले.

त्या काळी गिरणीत दिव्यांची सोय नव्हती. त्यामुळे कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य! उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा जरा बरं. उन्हाळ्यात मात्र तेरा-चौदा तास उभ्याने काम. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बोलावणं यायचंच. आणि मोठ्यांचंच कशाला? १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही गिरणीत काम करायला परवानगी होती, तेही दिवसाला नऊ तास! तुमच्यातल्या दुसरीतल्या पोराला दप्तराऐवजी सुताच्या बॉबिनी उचलायला लावल्या तर कसं वाटेल? आणि गंमत म्हणजे हा कायदा मुलांना संरक्षण देणारा म्हणून ओळखला जात होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर वाटतं, इतक्या साध्या गोष्टी मागाव्या लागल्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पोटाची सोय व्हावी. बस्स.

रविवारच का? रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी माणसाला आपल्या देवाला आणि आपल्या माणसांना भेटता यावं, असा लोखंड्यांचा मुद्दा होता असं सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि दोन बायकांनी व्यासपीठावरून भाषण केलं. १८९० साली, गिरणीत काम करणाऱ्या बायकांनी! मला तर या साऱ्या हकिकतीतला हाच भाग सगळ्यांत थोर वाटतो. त्यानंतर दीड महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली, आणि मुलांच्या कामाचं किमान वय सातावरून नऊ झालं.

आता पुढची गोष्ट ऐका. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. किती छान, नाही? पण दिवे आले आणि सूर्याचं घड्याळ बंद पडलं! सूर्य मावळला तरी यंत्रं चालूच. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या काही गिरण्यांत दिवसाला पंधरा-पंधरा तास काम चाले. सूर्य जे आपोआप करत होता, ते आता कायद्याला करावं लागलं. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आली, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले. पाळी संपली की गिरणीचा भोंगा वाजायचा. तो ऐकू आला की कामगाराच्या घरची चूल पेटायची आणि पोरं दारात येऊन उभी राहायची.

आपल्या कोल्हापुरातही शाहू महाराजांनी १९०६ साली कापड गिरणी सुरू केली, ती शाहू मिल. आता ती बंद आहे. पण त्याच महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभारलं आणि पाठोपाठ शेजारी पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. गिरणी हवी, तसा आखाडाही हवा आणि नाटकही हवं, हे राजाला कळत होतं. (ऑगस्ट २०२४ मध्ये हे नाट्यगृह आगीत जळालं, तेव्हा कितीतरी कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.)

हा सगळा इतिहास तुम्हाला का सांगितला? आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा निबंधाऐवजी पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. विषय होता, ‘कामावरून घरी आलेलं माणूस’. वाटलं होतं, मुलं खाऊबद्दल लिहितील. काहींनी लिहिलंही. पण काही वह्या अशा होत्या :

‘माझे पप्पा फाउंड्रीत आहेत. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात. आम्ही हळू बोलतो. कुकरची शिट्टी झाली तरी आई घाबरते.’

‘बाबांची सुट्टी सोमवारी. माझी रविवारी. म्हणून आम्ही जोतिबाला एकत्र जात नाही.’

‘आई दवाखान्यात नर्स आहे. ती आली की चहा करते, मग भाकरी करते, मग भांडी. ती कधी बसते मला माहीत नाही.’

आणि एक वही : ‘साहेबांचा फोन आला की पप्पा बाहेर जाऊन बोलत्यात. आत आले की माझा अभ्यास घेत्यात. त्या दिवशी मार बसतो. म्हणून मी वही आधीच चांगली करून ठेवतो.’

ही शेवटची वही मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. या मुलाला वाटतंय, मार वहीमुळे बसतो. अक्षर अजून सुंदर काढलं की पप्पा चिडणार नाहीत. पण वही आणि पप्पांचा राग यांचा काही संबंधच नाही!

मग तो राग येतो कुठून? ते समजून घेऊ या. समजा, तुम्ही गल्लीतून चाललाय आणि एक कुत्रं अंगावर धावून आलं. तुमचं काळीज धडधडतं, हातपाय ताठ होतात, श्वास भरभर चालतो. शरीर अ‍ॅड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल नावाची रसायनं रक्तात सोडतं, म्हणजे पळायला नाहीतर लढायला बळ येतं. कुत्रं निघून गेलं की थोड्या वेळाने सगळं शांत होतं. उत्तम व्यवस्था आहे ही! फक्त एक अडचण आहे. शरीराला कुत्रं आणि खडूस साहेब यांतला फरक कळत नाही. चारचौघांत अपमान झाला, ‘उद्या आला नाहीस तर खाडा’ असं कुणी बजावलं, रजा मागितल्यावर ‘परत यायची गरज नाही’ असं ऐकवलं, की शरीर तीच घंटा वाजवतं. साहेबाला चावता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही. मग ही घंटा वाजतच राहते, घरी येईपर्यंत, जेवताना, झोपतानासुद्धा. झोप नीट लागत नाही. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी काम चुकतं, चुकलं की परत बोलणी. आणि घरी आल्यावर, जिथे नोकरी जाण्याची भीती नसते तिथे, म्हणजे बिचाऱ्या आपल्याच माणसांवर, तो सगळा राग निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या अशा थकव्याची रीतसर नोंद केली. इंग्रजीत त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, म्हणजे जळून विझणं. त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत : माणूस पार गळून जातो, कामाबद्दल त्याच्या मनात कडवटपणा येतो, आणि ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असं त्याला वाटू लागतं. संघटना याला आजार म्हणत नाही हं. तिच्या मते हा कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे. म्हणजे उपाय माणसावर जितका करायचा, तितकाच कामाच्या जागेवरही करायचा.

शरीरावरही याचे घाव पडतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. जपानमध्ये तर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला स्वतंत्र शब्दच आहे, ‘कारोशी’. तो थांबवण्यासाठी तिथे २०१४ मध्ये कायदा झाला.

पण केवळ तासच मोजायचे का? नाही. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांचा कित्येक वर्षं अभ्यास झाला, १९६७ पासून. लंडनमधल्या ज्या रस्त्यावर ही कार्यालयं आहेत त्याचं नाव व्हाइटहॉल, म्हणून अभ्यासाचं नावही तेच. सगळ्यांना वाटायचं, हृदयविकार मोठ्या साहेबांना होत असणार, जबाबदारी त्यांच्यावर ना! निघालं उलटंच. सर्वांत खालच्या पायरीवरच्या लोकांना धोका जास्त होता. पुढच्या अभ्यासात याचं एक मोठं कारण हे दिसलं, की आपलं काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यात त्यांना काडीचाही शब्द नव्हता. तुम्हाला हे चटकन कळेल. स्वतः ठरवून दोन तास चित्र काढलं तर थकायला होत नाही. पण ‘ऊठ म्हटलं की ऊठ, बस म्हटलं की बस’ असं अर्धा तास केलं तरी जीव नकोसा होतो.

आपल्या जिल्ह्यात पाहा ना. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांत लोखंडाचा रस साधारण १४०० अंशांना ओतला जातो. तिथे भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला घोटभर पाणी प्यायला बाजूला होता येतं की नाही, हे त्याच्या मुकादमावर असतं. इचलकरंजीत यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, मागांचा खडखडाट इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मजुरी किती कापड निघालं त्यावर. सूत तुटून माग थांबला की पैसेही थांबले. अशा माणसाने घरी आल्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं म्हटलं, तर त्याला ‘रागावलेत’ म्हणायचं की ‘कान विसावतायत’ म्हणायचं?

सगळीकडे असं नसतं, हेही सांगायला हवं. ज्या कारखान्यात चूक झाल्यावर बाजूला घेऊन सांगतात, मुलाच्या तापासाठी रजा मागितली तर दोन प्रश्न कमी विचारतात, पाळीचा तक्ता आठवडाभर आधी लावतात, तिथली माणसं वेगळी दिसतात. या गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी आखणी.

याचं एक नामी उदाहरण मुंबई पोलिसांचं आहे. पोलिसांची ड्युटी बारा तासांची, आणि बंदोबस्त लागला की त्याहून जास्त. दिवाळी, गणपती, सगळे सण रस्त्यावर. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडलं. चोवीस तासांना बाराने भागलं की दोन पाळ्या, आठने भागलं की तीन. मग आहेत त्याच माणसांत तीन पाळ्या कशा बसवायच्या? त्याने तक्ता तयार केला आणि वरिष्ठांपुढे ठेवला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मोडीत काढला नाही. ५ मे २०१६ पासून देवनारमध्ये आठ तासांची ड्युटी प्रयोग म्हणून सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने शहरातल्या इतर पोलीस ठाण्यांतही गेली. माणसं कमी पडली की असा तक्ता पुन्हा विस्कटतो, हे खरं. पण खालच्या माणसाचं वरच्याने ऐकलं, ही गोष्ट मला आठ तासांइतकीच मोलाची वाटते.

आता तुमच्या ओळखीच्या एका वस्तूकडे वळू या. मोबाइल! दिव्याने सूर्यास्त पुसला, तसं मोबाइलने कारखान्याचं फाटक पुसलं. पूर्वी भोंगा वाजला, फाटकाबाहेर पडलं, की काम मागे राहायचं. आता काम खिशात बसून घरी येतं. रात्री नऊला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो आणि जेवणाचं ताट तसंच राहतं. (मुख्याध्यापकांचा ग्रुप आम्हा शिक्षकांनाही चुकलेला नाही, बरं का!) २०२० च्या करोनाच्या साथीत घरातूनच काम सुरू झालं, तेव्हा तर पुष्कळांचं घर आणि कचेरी यांच्यामधली भिंतच पडली.

आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली शिकून पुण्याला नोकरीला जातात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची तरुण चार्टर्ड अकाउंटंट वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. मुलगी रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही काम करत होती, थकून खोलीवर यायची आणि तशीच पलंगावर पडायची, असं त्या माउलीने लिहिलं होतं. मृत्यू कामाच्या ताणामुळे झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ते पत्र देशभर वाचलं गेलं, आणि केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाने चौकशी हाती घेतली. पगार उत्तम, खुर्ची मऊ, ऑफिस थंडगार. तरीही प्रश्न तोच, १८८४ सालचा : काम थांबतं कधी?

फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, की पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीने कामाच्या वेळेनंतर फोन आणि ई-मेल बंद ठेवण्याच्या हक्काबद्दल आपल्या नोकरांशी बोलणी करावीत. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचे कायदे क्वचितच होतात. पण लोखंड्यांचा पहिला अर्जसुद्धा काही पहिल्याच वर्षी मंजूर झाला नव्हता.

आणि त्या नर्सबाईंचं काय, ज्या कधी बसतात हे मुलाला माहीत नाही? सरकारने २०२४ मध्ये, लोक आपला दिवस कसा घालवतात, याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, तर पुरुषांची ८८. वजाबाकी करून पाहा! नोकरी करणाऱ्या आईची एक पाळी दवाखान्यात संपते आणि दुसरी ओट्यापाशी सुरू होते. त्या दुसऱ्या पाळीला भोंगा नाही, रविवार नाही. उलट रविवारी पाहुणे येतात.

तर मुलांनो, घरातलं मोठं माणूस चिडून बोललं, तर दर वेळी ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं धरून चालू नका. मारणं मात्र कुणाचंच बरोबर नाही. कारण काहीही असो, तसं होत असेल तर बाईंना, गुरुजींना किंवा आजीला सांगा. ती चुगली नव्हे. आणि पालकहो, फाटकातून आत येण्याआधी दोन मिनिटं पायरीवर बसलात तर कुणी हसणार नाही. ‘आज कामावर त्रास झालाय, तुझ्यावर राग नाही’ हे एवढं वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण समजतं. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

आता एक उद्योग. वहीच्या पानावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाचा एक रकाना आखा. सोमवार ते रविवार, त्यांचं काम किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं ते लिहा. आईच्या रकान्यात रात्रीची भांडी धरायची. रात्री जेवताना आलेला साहेबांचा फोन धरायचा. आजोबांनी गोठ्यात काढलेली धार धरायची. आठवड्याची बेरीज करा आणि ४८ शी ताडून पाहा. मग तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा. आमच्या वर्गातल्या त्या सोमवारवाल्या मुलाने असा तक्ता केला, तेव्हा त्याच्या बाबांच्या लक्षात आलं, की दोघं एकाच वेळी घरी असतात ते फक्त सकाळी साडेसहा ते सव्वासात. आता ते रोज त्या वेळात दूध आणायला बरोबर जातात. येताना कॅन मुलाच्या हातात असतो.